मंगळाची तालीम आणि बाहेर पडायचं दार

मंगळावर आजवर एकही माणूस गेलेला नाही. तरीही ‘मंगळावर’ राहून आलेली शेकडो माणसं आज आपल्यात हिंडताहेत. कोणी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात दोन आठवडे काढलेत, कोणी हवाईतल्या ज्वालामुखीच्या उतारावर एक वर्ष, तर कोणी मॉस्कोतल्या एका संस्थेच्या आवारात सलग ५२० दिवस. या प्रकाराला अ‍ॅनालॉग मोहीम म्हणतात. मंगळावरच्या परिस्थितीशी थोडंफार साम्य असलेली जागा पृथ्वीवर शोधायची किंवा बांधायची, तिथे स्वयंसेवक ठेवायचे आणि काय होतं ते नोंदवायचं. मराठीत मला ‘तालीम’ हा शब्द जास्त बरा वाटतो. म्हणून या लेखात मी तोच वापरणार आहे.

यावर बातम्या भरपूर येतात. स्पेससूट घातलेली माणसं लाल मातीत चालताहेत असा फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा असं मला वाटतं त्याचं कारण वेगळं आहे. माणसांवर प्रयोग करताना एक अडचण कायम येते. ती इथे फार स्पष्ट दिसते, कारण इथे तिला अक्षरशः एक दार आहे.

अडचण काय, ते आधी बघू.

दाराचा पेच

पृथ्वीवर मंगळाचं काय काय नक्कल करता येतं? जागा लहान ठेवता येते. ताजं अन्न बंद करून डबाबंद आणि सुकवलेलं देता येतं. बाहेरच्या जगाशी बोलताना मुद्दाम उशीर घालता येतो. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांपासून दूर असताना संदेशाला एका बाजूने साधारण २२ मिनिटं लागतात. तेवढा उशीर संगणकावर घालणं सोपं आहे. तीच चार-सहा माणसं महिनोन्‌महिने एकत्र ठेवता येतात.

काय नक्कल करता येत नाही? मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण ३८ टक्के आहे, ते इथे मिळत नाही. अवकाशातला किरणोत्सर्ग माणसांवर मुद्दाम सोडता येत नाही, सोडूही नये. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, ‘आता परत जाता येणार नाही’ ही जाणीव.

ही तिसरी गोष्ट नीट समजून घ्या. मंगळावर गेलेला माणूस ‘मला नको, मी घरी जातो’ असं म्हणू शकत नाही. पृथ्वीवरच्या तालमीत मात्र त्याला तसं म्हणता आलंच पाहिजे, कारण तो संशोधनातला सहभागी आहे आणि कोणत्याही क्षणी माघार घेणं हा त्याचा हक्क आहे. म्हणजे दार उघडं ठेवलं तर तालीम मंगळासारखी राहत नाही, आणि दार बंद केलं तर ते संशोधन म्हणून मान्य होत नाही. गेल्या नव्वद वर्षांत या पेचाचं काय काय झालं, ते आपण क्रमाने बघू.

१९३४ : दारच नव्हतं

सुरुवात मंगळापासून नाही, अंटार्क्टिकापासून करावी लागते. मार्च १९३४ च्या अखेरीस अमेरिकन नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड बर्फात पुरलेल्या एका छोट्या लाकडी खोलीत एकटे राहायला लागले. मुख्य तळ ‘लिटल अमेरिका’ तिथून दोनशेएक किलोमीटरवर होता. काम होतं हिवाळाभर हवामानाच्या नोंदी घेण्याचं. ध्रुवीय हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने अंधार. मध्येच कोणी येऊन घेऊन जाईल अशी सोय नव्हती. मुख्य तळाशी संपर्क फक्त रेडिओने, तोही बर्ड यांच्या बाजूने मोर्स संकेतांत.

झालं असं की शेगडी आणि जनरेटर यांच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने बर्ड यांना हळूहळू विषबाधा होऊ लागली. ते अतिशय आजारी पडले. पण त्यांनी रेडिओवर हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सहकारी भर अंधारात, जीव धोक्यात घालून निघाले असते, आणि ते त्यांना नको होतं. पलीकडच्या लोकांना मात्र शंका आली, कारण त्यांचे संदेश मंद आणि विस्कळीत होत चालले होते. शेवटी १० ऑगस्ट १९३४ ला तिघे जण ट्रॅक्टर घेऊन त्यांच्यापर्यंत पोहोचले. पुढे १९३८ मध्ये बर्ड यांनी या अनुभवावर ‘अलोन’ हे पुस्तक लिहिलं.

हा काही मानसशास्त्राचा प्रयोग नव्हता. तरी संशोधक म्हणून त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ‘तुम्ही कसे आहात?’ या प्रश्नाला बर्ड यांनी दिलेलं उत्तर खोटं होतं, आणि त्यामागचं कारण चांगलं होतं. खरी माहिती उत्तरात नव्हती, उत्तर देण्याच्या पद्धतीत होती. आज आपण प्रश्नावली देतो आणि जोडीला झोप, हालचाल, प्रतिसादाला लागलेला वेळ असंही काहीतरी मोजतो. ते का मोजायचं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

१९४७ ते १९६८ : हक्क कागदावर आला

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले त्यांचा खटला न्यूरेंबर्गला चालला. १९४७ च्या निकालात माणसांवरच्या प्रयोगांसाठी दहा कलमं मांडली गेली. त्यांना आपण न्यूरेंबर्ग संहिता म्हणतो. पहिलं कलम संमतीचं, ते सगळ्यांना माहीत असतं. नववं कलम सहसा कोणी वाचत नाही. त्याचा आशय असा की, प्रयोग पुढे चालू ठेवणं अशक्य वाटेल अशा शारीरिक किंवा मानसिक अवस्थेला सहभागी पोहोचला, तर प्रयोग थांबवण्याची मोकळीक त्याला हवी. १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्रात जागतिक वैद्यकीय संघटनेने माघारीचा हक्क पुन्हा मांडला. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याच वाटेने जातात.

म्हणजे अवकाशयुग सुरू झालं त्याच काळात दाराचा नियमही तयार होत होता. ५ नोव्हेंबर १९६७ ला मॉस्कोच्या जैववैद्यकीय समस्या संस्थेत तिघांना एका बंदिस्त कक्षात ठेवलं गेलं. एक डॉक्टर, एक जीवशास्त्रज्ञ आणि एक तंत्रज्ञ. ते बाहेर आले बरोबर एक वर्षाने, ५ नोव्हेंबर १९६८ ला. हवा आणि पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरायचं, आणि माणूस एवढा काळ असा टिकतो का ते बघायचं, असा हेतू होता. त्यातल्या जीवशास्त्रज्ञाने पुढे त्या वर्षाच्या दैनंदिनीवर पुस्तक लिहिलं. या संस्थेचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे दोनदा येणार आहे.

१९९१ : दार उघडलं, आणि लोक चिडले

अ‍ॅरिझोनातलं ‘बायोस्फिअर २’ ही नेमकी मंगळ मोहीम नव्हती. पण उद्या दुसऱ्या ग्रहावर वस्ती करायची तर बंद काचघरात शेती, हवा, पाणी सगळं आतच चालेल का, हा प्रश्न त्यामागे होता. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ जण सुमारे सव्वातीन एकरांच्या त्या वास्तूत शिरले आणि दोन वर्षांनी बाहेर आले.

सुरुवातीच्या काही दिवसांतच जेन पॉइंटर यांचं बोट भात सडायच्या यंत्रात सापडलं. शस्त्रक्रियेसाठी त्या काही तास बाहेर गेल्या आणि परत आल्या. परत येताना सोबत एक पिशवी सामानही आलं. त्यावरून ‘प्रयोग फसवा आहे’ अशी ओरड झाली. पुढे आतला ऑक्सिजन सोळा महिन्यांत २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांच्या आसपास उतरला. माणसं थकू लागली. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. पुन्हा ओरड.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. ऑक्सिजन गेला कुठे? मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते हे कळत होतं. पण मग तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता, आणि तो वाढलेला दिसत नव्हता. हिशेब जुळत नव्हता. कोलंबिया विद्यापीठातला जेफ्री सेव्हरिंगहॉस नावाचा एक डॉक्टरेटचा विद्यार्थी या कोड्यामागे लागला. वास्तूच्या आतल्या काँक्रीटची तुलना बाहेरच्या काँक्रीटशी केल्यावर उत्तर मिळालं : आतल्या भिंतींनी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला होता आणि तो काँक्रीटमध्ये कार्बोनेट होऊन बसला होता. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

वर्तमानपत्रांच्या लेखी ‘दार उघडलं’ म्हणजे प्रयोग फसला. पण ऑक्सिजन सोडला तो माणसं वाचवण्यासाठी, आणि तोवरच्या नोंदी नीट ठेवलेल्या होत्या म्हणून कोडं सुटलं. समजा अब्रू राखायला कोणी ते आकडे दडवले असते, तर आपल्याला ना उत्तर मिळालं असतं ना प्रश्न.

१९९९ : आतलं दार

पुन्हा मॉस्को, पुन्हा तीच संस्था. जुलै १९९९ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर वेगवेगळ्या देशांचे गट कसे राहतील, हा विषय. रशियन पुरुषांचा एक गट २४० दिवसांसाठी आत होता. डिसेंबरात ११० दिवसांसाठी एक आंतरराष्ट्रीय गट शेजारच्या कक्षात आला. त्यात कॅनडाच्या संशोधक ज्युडिथ लापियेर होत्या, त्या गटातल्या एकमेव स्त्री.

नववर्षाच्या रात्री दोन रशियन सहभागींमध्ये रक्त निघेपर्यंत मारामारी झाली. त्यानंतर रशियन गटाच्या प्रमुखाने लापियेर यांचं त्यांच्या इच्छेविरुद्ध चुंबन घेतलं. लापियेर यांनी तक्रार केली. बाहेरून जो प्रतिसाद आला त्यात ‘हा सांस्कृतिक फरक आहे’ असा सूर होता. नंतर दोन कक्षांमधलं दार बंद ठेवण्यात आलं. गटातला जपानी सहभागी मुदतीआधीच प्रयोग सोडून गेला. लापियेर यांनी मात्र मुदत पूर्ण केली आणि बाहेर आल्यावर या गोष्टी जाहीरपणे सांगितल्या.

हे प्रकरण अनेकदा ‘स्त्री-पुरुष एकत्र ठेवले की असं होतं’ अशा सारांशाने सांगितलं जातं. हा सारांश चुकीचा आहे. जे घडलं ते एका माणसाने केलेलं गैरवर्तन होतं. आणि प्रयोगाच्या रचनेत तक्रारीला वाटच नव्हती. ज्यांच्याकडे तक्रार करायची, तेच प्रयोग चालवणारे. बाहेर पडायचं मोठं दार होतं, पण त्यातून बाहेर पडलं की कित्येक महिन्यांची मेहनत आणि कारकीर्द दोन्ही पणाला. म्हणजे नियमात दार उघडं असूनही प्रत्यक्षात ते उघडणं महाग होतं. तुमच्या संशोधनात गाइडच्या लॅबमधलेच विद्यार्थी सहभागी असतील, किंवा तुम्ही शिक्षक असाल आणि सहभागी तुमचेच विद्यार्थी असतील, तर हाच प्रश्न तुमच्यापुढेही आहे. ‘नाही’ म्हणायची परवानगी असणं आणि ‘नाही’ म्हणणं परवडणं, यांत फरक असतो.

२००० नंतर : स्वखर्चाने मंगळ

एव्हाना सरकारी संस्थांच्या बाहेरही तालमी सुरू झाल्या होत्या. १९९८ मध्ये रॉबर्ट झुब्रिन यांच्या पुढाकाराने मार्स सोसायटी स्थापन झाली. कॅनडाच्या उत्तरेला डेव्हन बेटावर हॉटन नावाचं उल्काविवर आहे. तिथे माणसांची कायम वस्ती नाही, थंडी भरपूर आणि झाडझाडोरा जवळपास नाहीच. २००० साली तिथे सोसायटीचा पहिला तळ उभा राहिला. विमानातून पॅराशूटने टाकलेल्या सामानातला काही भाग आदळून मोडला, तरी हाती उरलेल्या वस्तूंतून तो बांधला गेला. त्यानंतर युटात हँक्सव्हिल गावाजवळ दुसरा तळ आला. साधारण आठ मीटर व्यासाचं दोन मजली गोल घर, आत सहा-सात माणसं, मुक्काम बहुधा दोन आठवड्यांचा.

विद्यार्थी, शिक्षक, अभियंते, डॉक्टर असे जगभरातले लोक इथे येतात. पुष्कळ जण स्वतःच्या खर्चाने. इथे दार अगदी सैल आहे, आणि दोन आठवड्यांत त्याची गरजही फारशी पडत नाही. म्हणूनच एकटेपणाच्या मानसशास्त्रासाठी हा विदा तोकडा पडतो. पण सूट घालून खडकाचा नमुना घ्यायला किती वेळ लागतो, कोणतं अवजार हातमोज्यात धरता येत नाही, रोव्हर कुठे रुततो, अशा प्रश्नांना हीच जागा उत्तम. तालीम वाईट की चांगली हे ठरवण्याआधी तिला विचारलेला प्रश्न कोणता, ते बघा.

आणि एक बाब. जो माणूस स्वतःचे पैसे आणि रजा खर्चून ‘मंगळावर’ राहायला येतो, तो रस्त्यावरच्या कोणाही माणसासारखा नसतो. त्याला हे जमवून दाखवायचं असतं. त्याच्या उत्तरांवर त्याची छाया पडते. सॅम्पलिंगच्या तासाला आपण स्वयंसेवक-पूर्वग्रह शिकतो, तो इथे पूर्ण आकारात भेटतो.

२०१० : दार बंदच राहिलं

३ जून २०१० ला मॉस्कोच्या त्याच संस्थेत सहा पुरुष ‘मार्स-५००’ साठी आत गेले. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन आणि एक चिनी. ४ नोव्हेंबर २०११ ला सहाही जण बाहेर आले. मध्ये फेब्रुवारीत तिघांनी एका वाळूच्या दालनात ‘मंगळावर’ उतरण्याचं नाटकही केलं. ५२० दिवसांत कोणीही माघार घेतली नाही. बातम्यांच्या भाषेत संपूर्ण यश.

पण विदा काय म्हणतो? सहाही जणांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की मोहीम लांबत गेली तशी त्यांची हालचाल कमी होत गेली आणि झोप व आराम वाढत गेले. एकाच्या शरीराचं घड्याळ २४ ऐवजी २५ तासांच्या आसपास फिरू लागलं, म्हणजे काही दिवस तो इतरांच्या रात्री जागा असायचा. एकाची झोप कमी होत गेली आणि लक्ष तपासणाऱ्या चाचणीत त्याच्या चुका वाढल्या. पुढच्या वर्षीच्या लेखात आणखी एक गोष्ट आली : सर्वांत जास्त ताण आणि थकवा नोंदवणाऱ्या दोघांकडूनच एकूण नोंदवलेल्या संघर्षांपैकी ८५ टक्के आले होते. आणि आपसांतल्या भांडणांपेक्षा बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी झालेले खटके पाचपट होते.

म्हणजे ‘सहाही टिकले’ हे वाक्य खरं आहे, पण त्यात माहिती फार थोडी. टिकलेले सहा जण सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी टिकले. इथे सरासरी काढली असती तर हे सगळं पुसलं गेलं असतं. सहभागी सहाच असतात तेव्हा प्रत्येकाचा आलेख वेगळा काढून बघावा लागतो.

बंद दाराचा एक खराखुरा फायदाही याच ठिकाणी झाला. आत जाणारा प्रत्येक घास मोजलेला होता आणि बाहेर येणारी लघवीही रोज गोळा होत होती. मिठाचं प्रमाण ठरावीक ठेवून संशोधकांनी महिनोन्‌महिने सोडियम मोजलं. पाठ्यपुस्तक सांगतं की जेवढं मीठ खाल्लं तेवढं साधारण दिवसभरात बाहेर पडतं. इथे दिसलं की मीठ तेवढंच खाऊनही बाहेर पडणारं सोडियम जवळपास आठवड्याच्या लयीत कमी-जास्त होतं. याचा अर्थ, एका दिवसाच्या लघवीवरून कोणी किती मीठ खातं हे ठरवणं भरवशाचं नाही. रक्तदाबावर काम करणाऱ्यांसाठी ही महत्त्वाची गोष्ट, आणि ती मिळाली मंगळाच्या तालमीतून. बाहेरच्या जगात, जिथे माणूस संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन वडापाव खाऊन येतो, तिथे हे मोजणं जवळपास अशक्य होतं.

२०१८ : फोन करायचा की नाही?

हवाईत मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, एक पांढरा घुमट उभा केला होता. हवाई विद्यापीठ तो चालवायचं आणि नासा निधी द्यायची. २०१३ च्या पहिल्या मोहिमेचा विषय होता अन्न : तेच तेच तयार जेवण खाऊन कंटाळा येतो का, स्वतः शिजवलं तर फरक पडतो का. त्यानंतर मुक्काम लांबत गेले. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१६ सहा जण पूर्ण वर्ष राहिले. बाहेर जायचं तर सूट घालून, आणि संदेशाला एका बाजूने २० मिनिटं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सहावी मोहीम सुरू झाली. चार जण होते. चार दिवसांतच वीजपुरवठ्याची दुरुस्ती करताना एकाला विजेचा धक्का बसला.

आता पेच बघा. तालमीच्या नियमाप्रमाणे संदेश पाठवून चाळीस मिनिटं उत्तराची वाट बघायची. मंगळावर १०८ नसते. पण हा खरा माणूस होता आणि त्याला खरा धक्का बसला होता. आतल्यांनी अमेरिकेतल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला, मदत आली, त्याला रुग्णालयात नेलं आणि तो सुखरूप घरी गेला. त्यानंतर सुरक्षिततेच्या कारणावरून आणखी एका सहभागीने मोहीम सोडली. मोहीम तिथेच संपली. पुढे तो तळ लहान चंद्र-मोहिमांसाठी वापरला जाऊ लागला.

माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग आहे. फोन करणं बरोबरच होतं, यात वाद नाही. पण तो निर्णय त्या क्षणी, घाबरलेल्या अवस्थेत घ्यावा लागू नये. ‘अमुक झालं की खेळ थांबला’ ही यादी आत जाण्याआधी लिहिलेली आणि सगळ्यांना पाठ हवी. नाहीतर चांगला सहभागी होण्याच्या नादात माणूस दार उघडायला उशीर करतो. बर्ड यांनी १९३४ मध्ये तेच केलं होतं.

आता, आणि आपल्याकडे

सध्याची मोठी तालीम नासाच्या ह्यूस्टन केंद्रात चालते. त्रिमितीय छपाईने बांधलेल्या १७०० चौरस फुटांच्या घरात चार जण २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ असे ३७८ दिवस राहिले. स्वयंसेवकांसाठी अटी होत्या : वय ३० ते ५५, धूम्रपान नको, विज्ञान-तंत्रज्ञानातलं उच्च शिक्षण वगैरे, म्हणजे अंतराळवीरांच्या निवडीसारख्याच. एवढ्या गाळणीतून आलेली माणसं शांत राहिली, तर श्रेय घराच्या रचनेचं की निवडीचं, हे वेगळं करणं कठीण जातं.

दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकातला फ्रेंच-इटालियन कॉन्कॉर्डिया तळ. समुद्रसपाटीपासून ३२०० मीटरवर, आणि हिवाळ्यात जवळपास नऊ महिने तिथे विमान उतरत नाही. युरोपीय अवकाश संस्था तिथे दरवर्षी एक डॉक्टर-संशोधक ठेवते. इथे दार निसर्गानेच बंद केलेलं असतं. पण फरक बघा : माणूस तळावरून जाऊ शकत नसला तरी एखाद्या अभ्यासातून बाहेर पडू शकतो. ‘आजपासून माझं रक्त घेऊ नका’ म्हणायचा हक्क त्याला तिथेही आहे. जागेचं दार आणि संशोधनाचं दार ही दोन वेगळी दारं आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे सुरुवातीच्या पेचावर आजवर मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर हेच आहे.

भारतातही आता सुरुवात झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रोच्या मानवी अवकाश उड्डाण केंद्राच्या सहकार्याने पहिली अ‍ॅनालॉग मोहीम झाली. त्यात लडाख विद्यापीठ आणि आका स्पेस स्टुडिओबरोबर आपल्या पवईची आयआयटीही होती. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्या त्सो कार खोऱ्यात ‘होप’ नावाच्या तळावर दोघे जण दहा दिवस राहिले. मुख्य घर आठ मीटर व्यासाचं आणि त्याला जोडून पाच मीटरचा उपयोगी कक्ष. त्सो कारची उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. म्हणजे थकवा, धाप, झोपमोड हे सगळं तिथे अभिनयाचं नसतं. पण यातच एक धोकाही आहे. एखाद्याची चिडचिड वाढली, तर ती एकटेपणामुळे की कमी ऑक्सिजनमुळे? लेहमध्ये राहणाऱ्या, घरी जाऊन झोपणाऱ्या लोकांचा तुलना-गट घेतला नाही, तर हे सांगता येणार नाही. तुमच्यापैकी कोणी पुढे या मोहिमांसाठी प्रस्ताव लिहिणार असाल, तर इथे जागा मोकळी आहे.

तुमच्या प्रस्तावासाठी

तुम्ही मंगळावर काम करणार नसालही. कोणी आश्रमशाळेतल्या मुलांवर, कोणी ऊसतोड कामगारांवर, कोणी रात्रपाळीच्या परिचारिकांवर काम कराल. तरी दाराबद्दल हे प्रश्न प्रस्ताव लिहितानाच सोडवून ठेवा.

पहिला, सहभागीला माघार घ्यायची असेल तर तो कोणाला सांगणार? ती व्यक्ती तुम्ही, तुमचे गाइड किंवा त्याचा मालक नसेल तर उत्तम. नाव आणि फोन नंबर संमतीपत्रावर त्याच्या भाषेत असू द्या.

दुसरा, माघारीची त्याला काय किंमत मोजावी लागेल? मानधन बुडणार असेल, हजेरी कापली जाणार असेल, तर दार कागदावरच उघडं आहे. तोवरच्या दिवसांचे पैसे द्यायची तरतूद बजेटमध्ये करा.

तिसरा, प्रयोग तुम्ही स्वतः कधी थांबवणार? निकष आकड्यांत आणि आधी लिहा.

चौथा, जे गेले त्यांचं विश्लेषणात काय करणार? सोडून गेलेले लोक टिकलेल्यांपेक्षा बहुधा वेगळे असतात. त्यांना गाळून काढलेली सरासरी नेहमी थोडी जास्त गोड येते. विद्याच्या तक्त्यात ‘बाहेर पडल्याची तारीख’ आणि ‘कारण’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. कारण विचारायला हरकत नाही, पण सांगायची सक्ती करता येत नाही. तो रकाना कोरा राहिला तर कोराच राहू द्या, आणि प्रबंधात किती कोरे राहिले तेही लिहा.

पुढच्या लेखात याच धाग्यावरून, माघार घेतलेल्या सहभागींचा विदा मोजायच्या दोन-तीन पद्धती आपण उदाहरण घेऊन बघू. तोवर तुमच्या विषयातला एखादा जुना, गाजलेला अभ्यास काढा आणि त्यात सुरुवातीला किती जण होते, शेवटी किती उरले, एवढंच शोधा. मधल्या लोकांचं काय झालं ते लेखात कुठे लिहिलंय का, तेही बघा.